जोड लपला तरी गाठ दिसतेच
एकच छोटं चित्र शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा लावून पार्श्वभूमी भरताना 'कडा जुळल्या की पॅटर्न सीमलेस (म्हणजे जोड न दिसणारा) झाला' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. लाकडाच्या फुकट टेक्स्चरमध्ये (पृष्ठभागाच्या चित्रात) एखादी ठळक गाठ असली, की जोड दिसला नाही तरी तीच गाठ ठरावीक अंतराने हजेरी लावते आणि नजर तिथेच अडकते. (मोठ्या स्क्रीनवर माझी अशीच फजिती झाली होती.)

एक गणिती युक्ती सांगतो. पारदर्शक पीएनजी चित्रांचे तीन थर एकमेकांवर ठेवायचे, प्रत्येक थरात त्याचं चित्र पुन्हा पुन्हा येऊ द्यायचं, चित्रांची रुंदी मूळ संख्यांत घ्यायची, समजा २९, ३७ आणि ५३ पिक्सेल. आडव्या दिशेला तेच मिश्रण पुन्हा यायला तिन्हींचा गुणाकार, म्हणजे ५६,८६९ पिक्सेल लागतात. फाइली मात्र चिमुकल्याच. पट्ट्या-ठिपक्यांना हे छान चालतं. लाकडाला नाही, तिथे गाठ क्लोन स्टॅम्पने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या फोटो-एडिटरमधल्या साधनाने) पुसावीच लागते.