तिघांनी मिळून खेळायचा छोटा, विचित्र कंट्रोलचा गेम सुचवा

अनगोळकर

नमस्कार मंडळी. आम्ही घरात तिघं खेळणार आहोत: मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबांनी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात ३१ वर्षं लेथवर काम केलं, आता रिटायर आहेत. मुलगा क्रिकेट आणि गाड्यांच्या रेसचे गेम खेळतो. त्यात बाबा बसले की दोन ओव्हरमध्ये आऊट होतात आणि "तू खेळ बाळा" म्हणून कंट्रोलर परत देतात. ते मला बघवत नाही.

म्हणून असा गेम शोधालोय ज्यात सराव असलेला आणि नसलेला दोघंही पहिल्या दिवशी सारखेच अडखळतील. एक बटण दाबलं की माणूस पळाला, असा नको. साधं पाऊल टाकायला सुद्धा डोकं लावावं लागेल असा हवा. कॉलेजात असताना आरपीडी कॉलेजजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही मित्र चार बटणांवर पळणाऱ्या माणसाचा गेम खेळायचो. अर्ध्या तासात दहा मीटर गेलो तरी टाळ्या पडायच्या. तसलं काहीतरी.

अडचणी आधीच सांगतो. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. बाबा इंग्रजी वाचत नाहीत, मुलगा मराठी माध्यमात पाचवीला, आणि त्याचा शेजारचा मित्र कन्नड बोलतो, तोही येऊन बसणारच. दोन-तीन संध्याकाळी संपणारा असावा. रक्त, शिव्या नकोत.

कॅम्पातला

तुम्ही म्हणताय तो क्वॉप. २००८ चा, बेनेट फॉडीनं केलेला. क्यू आणि डब्ल्यूवर मांड्या, ओ आणि पीवर पोटऱ्या. शंभर मीटर पळायचं, मध्ये पन्नासला एक हर्डल. असले गेम ज्यावर चालायचे ते फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद झालं तरी हा गेम गेला नाही, ब्राउझरमध्ये आजही चालतो, फुकट आहे, आणि तुमच्या लॅपटॉपला काहीच जड नाही.

पण तिघांना एकत्र खेळता येणार नाही. आळीपाळीनं एवढंच. आणि बोटं अशी ठेवा: डब्ल्यू आणि ओ एकदम, सोडून लगेच क्यू आणि पी एकदम. ताल पकडला की गुडघा जमिनीला घासत का होईना, पुढं सरकतो. तो ताल बाबांना तुमच्या आधी सापडेल असं मला वाटतं.

निपाणीची लेक

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि एकच नाव आलं डोक्यात. ऑक्टोडॅड: डॅडलिएस्ट कॅच. २०१४ चा आहे, शिकागोच्या यंग हॉर्सेस नावाच्या छोट्या टीमचा. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी कॉलेजात शिकत असताना पहिला ऑक्टोडॅड केला होता, तो फुकट होता. हा दुसरा विकतचा आहे.

गोष्ट अशी. एक ऑक्टोपस आहे. सूट-टाय घालून माणूस म्हणून राहतो. बायको आहे, मुलगा-मुलगी आहेत, आणि तो ऑक्टोपस आहे हे घरातल्या कुणालाच कळलेलं नाही. एकच माणूस ओळखतो, एक आचारी, तो सुरी घेऊन मागं लागलेला असतो. आणि आपल्याला करायचं काय? लग्नाला उभं राहायचं, सकाळी कॉफी करायची, अंगणातलं तण उपटायचं, दुकानात सामान आणायचं. बस्स. पण हाडं नसलेल्या अंगानं.

कंट्रोल असा की डावा पाय वेगळा, उजवा पाय वेगळा, हात वेगळा. डावा उचलून धरायचा, नेऊन ठेवायचा, सोडायचा, मग उजवा. हात लांबवून वस्तूला चिकटवायचा, आणि ती वस्तू घेऊन वळताना टेबलावरचं अर्धं सामान खाली येतं. लोकांच्या समोर फार धडपडलात तर त्यांचा संशय वाढत जातो, पूर्ण भरला की हरलात.

आता तुमच्या कामाची गोष्ट: एकाच ऑक्टोपसला दोन ते चार जण मिळून चालवू शकतात. एकाकडं पाय, एकाकडं हात, असं वाटून घ्यायचं. मी आणि माझी जाऊ असंच खेळलो. ती पाय, मी हात. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही एकमेकींशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. त्या रात्री "अगं थांब, पाय थांबव, अजून कॉफी धरली नाही" असं ओरडत बसलो. आज आम्ही दोघी बहिणीसारख्या आहोत. सगळं त्या गेममुळं असं मी म्हणत नाही, पण सुरुवात तिथं झाली.

भाषेचं म्हणाल तर तो ऑक्टोपस स्वतः बोलतच नाही, नुसतं गुळगुळ करतो. त्याच्या गुळगुळण्याचा अर्थ आणि बाकीच्यांचं बोलणं खाली इंग्रजीत येतं. तुम्ही वाचून सांगितलंत की झालं. माझ्या साध्या लॅपटॉपवर सेटिंग खाली आणून चालला होता.

टिळकवाडी ८७

ऑक्टोडॅड चांगला आहे, पण ताईंनी अर्धाच सांगितला. पहिला भाग, लग्न, घर, दुकान, सुंदर आहे. नंतर अक्वेरियम येतं आणि गेम लपाछपीचा होतो. तिथले समुद्री जीवांचे शास्त्रज्ञ तुम्हाला इतरांपेक्षा पटकन ओळखतात, त्यांची नजर चुकवत चालायचं. ज्या कंट्रोलवर सरळ चालणं कठीण, त्यावर वेळ साधून चालायला लावणं मला पटलं नाही. घरातली कामं करताना पडलं तर हसू येतं, तिथं पडलं की मागून परत. मी एकटा खेळलो, चिडून एक आठवडा बंद ठेवला होता.

माझं मत विचाराल तर असल्या गेममध्ये पडणं हीच गंमत असते. पडल्याची शिक्षा सुरू झाली की गंमत आटते.

वडगावकर

टिळकवाडी, इथं मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. पडल्याची शिक्षा हाच ज्याचा गाभा आहे असा गेम याच फॉडीनं २०१७ ला केलाय, गेटिंग ओव्हर इट. काहिलीत बसलेला उघडा माणूस, हातात एक लांब दांड्याचा हातोडा, आणि फक्त माऊस. माऊस फिरेल तसा हातोडा फिरतो. त्याच्या जोरावर डोंगर चढायचा. मध्ये कुठंही सेव्ह करून ठेवलेली जागा नाही. हात जरा जास्त गेला की तासाभराची चढण एका सेकंदात खाली. आणि वर तो फॉडी शांत आवाजात अपयशावरची वचनं ऐकवतो. हा माणूस पेशानं तत्त्वज्ञानाचा अभ्यासक होता, ते ऐकताना कळतं.

मी चार महिने खेळलो. माझ्या आयुष्यातला तो काळ बरा नव्हता, काम सुटलं होतं. रात्री घरचे झोपले की तासभर चढायचो, बहुतेक वेळा होतो तिथंच परत यायचो. ज्या दिवशी वर पोचलो त्या दिवशी कुणाला उठवून सांगावं कळेना, गच्चीवर जाऊन उभा राहिलो. शिक्षा नसती तर ती गच्ची मला मिळाली नसती.

पण अनगोळकर, तुम्हाला मी हा सुचवत नाही. दहा वर्षांच्या पोराला नको, आणि तिघांचा तर नाहीच.

जांबोटी

फुकटात एक आणि. एन्व्हायरो-बेअर २०००. नावात २००० आहे पण गेम २००९ चा, जस्टिन स्मिथनं केलेला. अस्वल मोटार चालवतंय. थंडी यायच्या आत मासे आणि बोरं खाऊन पोट भरायचं आणि गुहा गाठायची. सगळा खेळ गाडीच्या आतून दिसतो आणि अस्वलाचा एकच पंजा चालतो. त्या एका पंजानं स्टिअरिंग, त्याच पंजानं अॅक्सिलरेटर, गिअर, ब्रेक. रेस दिली की स्टिअरिंग मोकळं. झाडाला धडकलं की पाला, दगड काचेतून आत येऊन पडतात, ते पंजानं उचलून बाहेर फेकायचे, तोवर गाडी तळ्यात.

चित्रं ओबडधोबड आहेत, लहान पोरानं काढल्यासारखी. एक डाव काही मिनिटांचा. आमच्या खानापूर भागात जंगलात अस्वलं खरोखरच आहेत, त्यामुळं माझी मुलगी हा खेळताना फार गंभीर असते. "त्याला उपाशी झोपवायचं नाही पप्पा" म्हणते.

चिकोडी रोड

कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून खेळायचा बिफोर युवर आइज कुणीच सांगितला नाही? २०२१ चा. पापणी लवली की गोष्टीत काळ पुढं उडी मारतो, आवडता प्रसंग चालू असताना डोळे उघडे ठेवून बसावं लागतं. दीड तासात संपतो.

निपाणीची लेक

तो फार सुंदर गेम आहे, पण तो रडवतो हो. मरणावरची गोष्ट आहे. आजोबा-नातवाला एकत्र बसवून नका दाखवू, निदान आधी दादांनी एकट्यानं खेळून बघावा. आणि सगळी गोष्ट बोलण्यात आहे, इंग्रजी कळल्याशिवाय हाती काही लागणार नाही.

अनगोळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वडगावकर, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. बरं झालं लिहिलंत.

ऑक्टोडॅडकडं कल झालाय. एकच शंका, लॅपटॉपवर नाहीच चालला तर पैसे गेले का? आणि दोन कंट्रोलर लागतील ना?

कॅम्पातला

स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलात तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्यात चालतोय की नाही कळतंच. पण एक विनंती. गेम छोटा आहे. घाईघाईनं बराचसा खेळून, पोट भरल्यावर परत करणारे लोक आहेत. चालला नाही तर जरूर परत करा, आवडला तर ठेवा. असले गेम चार-पाच पोरं वर्षानुवर्षं खपून करतात.

कंट्रोलर माझ्याकडं एक पडून आहे. कॅम्पात या कधीही, घेऊन जा, सुट्टी संपल्यावर द्या.

अनगोळकर

मंडळी, सांगायला आलोय. शनिवारी कंट्रोलर आणला (कॅम्पातले दादा, तुमच्या आईंनी दिलेला कुंदा घरी पोचेपर्यंत अर्धाच उरला होता), गेम घेतला, टीव्हीला जोडला. सेटिंग सगळं खाली, मधूनमधून अडकतो पण चालतो.

मुलाकडं दोन्ही पाय, बाबांकडं हात. मी खाली बसून वाचणारा. मी मराठीत सांगायचो, मुलगा तेच शेजारच्या मित्राला कन्नडमध्ये सांगायचा, आणि मग चौघं मिळून हसायचो. एकाच विनोदावर दोनदा.

पहिली पंधरा मिनिटं लग्नातच गेली. मुलगा सवयीनं पाय पळवायला बघायचा आणि ऑक्टोपस बाकांवर आडवा. बाबांचा अंगठा हल्ली आखडतो, त्यामुळं ते कंट्रोलरची काडी पूर्ण दाबतच नव्हते, केसाएवढी हलवायचे, थांबायचे, बघायचे, परत हलवायचे. नंतर घरात कॉफीची पाळी आली. मुलगा एकीकडं चालवतोय, बाबा दुसरीकडं भांडं धरायला बघतायत, तीन वेळा सगळं जमिनीवर. चौथ्यांदा बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आधी तू पूर्ण थांब. लेथवर जॉब फिरत असताना कॅलिपर लावायचा नसतो." मुलानं विचारलं कॅलिपर म्हणजे काय. बाबा उठले, आत जाऊन कपाटावरचा डबा काढला, तेलकट फडक्यात गुंडाळलेला कॅलिपर आणून त्याच्या हातात दिला. गेम तसाच चालू, ऑक्टोपस स्वयंपाकघरात उभा, आणि हे दोघं टीव्हीच्या उजेडात खडूची जाडी मोजत बसले. मी ते आजवर कधी मोजलं नव्हतं त्यांच्याबरोबर.

मग कॉफी पहिल्या फटक्यात झाली. मुलगा थांबायचा, "आजोबा, घ्या" म्हणायचा, बाबा धरायचे, "चल" म्हणायचे. अंगणातलं तण आलं तेव्हा बाबा म्हणाले, "ही तर भांगलण की," आणि एकेक उपटून कुंपणापलीकडं. त्यात ते आमच्या सगळ्यांपेक्षा पुढं आहेत. यळ्ळूरच्या शेतात लहानपण गेलंय त्यांचं.

माझं मत द्यायचं तर निपाणीच्या ताई बरोबर आहेत, हा गेम एकट्यानं खेळायचा नव्हेच. टिळकवाडीकरांना जो राग आला तो मला समजतो, कारण काल आम्ही अक्वेरियममध्ये पोचलो आणि चार वेळा पकडले गेलो. मुलगा रडकुंडीला आला होता. कुणाला तिथली युक्ती माहीत असेल तर सांगा.

टिळकवाडी ८७

तिथं पळू नका. ज्याची नजर आहे त्याची पाठ फिरेपर्यंत पाय जमिनीलाच चिकटवून ठेवायचे. आणि हात अंगाजवळ घ्या, लांब हात कशाला तरी धडकतो आणि लोक वळून बघतात. केळ्याच्या साली दिसल्या तर लांबून जायचं. मी एकटा होतो, हात आणि पाय दोन्ही सांभाळताना हेच चुकत होतं. तुमच्याकडं हाताला वेगळा माणूस आहे.

अनगोळकर

बाबांना वाचून दाखवलं. "हात अंगाजवळ, बरोबर आहे, बाही सैल असली की लेथच्या फिरत्या चकमध्ये अडकते" म्हणाले. आज सातला बसतोय परत. लाईट असली म्हणजे.