परिणाम नंतर तपासू?
‘तंत्रज्ञान आधी वापरात येऊ द्या, परिणाम नंतर तपासू’ हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण त्यातली गोम तंत्रज्ञान आणि समाज यांचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्येच दाखवली होती: बदल सोपा असतो तेव्हा परिणाम दिसत नाहीत, आणि दिसेपर्यंत तंत्र इतकं मुरतं की हात लावणं महागात पडतं. शिसंयुक्त पेट्रोलचंच बघा. आलं १९२० च्या दशकात, धोक्याचे इशारेही तेव्हाचेच. गाड्यांसाठीची विक्री जगभर थांबायला मात्र २०२१ उजाडलं. (छोट्या विमानांत अजून आहेच.) तंत्रज्ञानाचे परिणाम आधीच अभ्यासण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) १९७२ मध्ये खास कार्यालय काढलं होतं. १९९५ मध्ये पैसा तोडून तेही गुंडाळलं. काटकसर म्हणे!