उन्हाळ्यात एका रात्रीची सायकल कॅम्पिंग ट्रिप – फोटोंसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका रात्रीची छोटी सायकल ट्रिप ठरतेय. ऊन कलल्यावर निघायचं, अंधार पडायच्या आत तंबू ठोकायचा, सकाळी ऊन तापायच्या आत परत. बरोबर धाकटा भाऊ आहे, त्याला फोटोंमध्ये काडीचा रस नाही आणि "दर दहा मिनिटांनी थांबणार असशील तर मी पुढे निघून जाईन" असं त्याने आत्ताच बजावून ठेवलंय.

सायकल, तंबू वगैरे सगळं जमलंय, अडलंय ते फोटोंवर. कुणाच्याही सायकल ट्रिपचे फोटो बघा, सायकल झाडाला टेकवलेली, सायकल कठड्याला टेकवलेली, सायकल तंबूशेजारी आडवी. चालवणारा माणूस कुठाय?? मला चालवतानाचे फोटो हवेत, घामेजलेले चेहरे, संध्याकाळची धूळ, आणि रात्रीचा तंबू. पण त्यासाठी ट्रिपचं शूटिंग व्हायला नको.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) मिररलेस कॅमेरा आहे, त्याच्याबरोबर आलेली १६-५० मिमीची किट लेन्स आणि एक ३५ मिमी एफ/१.८ लेन्स. शिवाय फोन. ट्रायपॉड दीड किलोचा आहे, तो सायकलवर लादायची अजिबात इच्छा नाही.

पहिला प्रश्न कॅमेरा ठेवायचा कुठे. पॅनियरमध्ये (कॅरियरला बाजूने लटकणारी बॅग) कपड्यांच्या घडीत सुरक्षित राहतो पण मग तिथून तो बाहेरच निघत नाही, सायकल लावा, बकल काढा, उपसा, तोवर समोरचं दृश्य गेलेलं असतं. हँडलबार बॅगेत हाताशी राहील पण खडबडीत रस्त्यावर सतत हादरे. गळ्यात अडकवला तर वाकलं की गुडघ्यावर आपटतो. दुसरं म्हणजे रात्री तंबूत दिवा लावून फोटो काढला की तंबूचा पांढराफटक गोळा होतो आणि आकाश काळं, ते कसं टाळायचं? आणि बॅटरीचं गणित काय ठेवता?

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

कॅमेरा अंगावर घ्या. आडव्या पट्ट्याची छोटी स्लिंग बॅग पाठीवर घट्ट, आणि काखेखालून दुसरा पातळ पट्टा म्हणजे ती पुढे घसरत नाही. रस्त्याचे धक्के हातापायांत जिरतात, कॅमेऱ्यापर्यंत फार कमी पोचतात. पाठीला घाम येतो तो येऊ दे, बॅगेत आधी एक झिपची प्लॅस्टिक पिशवी टाका. हँडलबार बॅगच वापरायची असेल तर तळाशी जाड फोम हवा.

फोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. नकाशा लावून हँडलबारवर उन्हात ठेवला की तो तापतो, आयफोनसाठी तर ॲपलने ३५ अंशांपर्यंतचंच तापमान सांगितलंय. तापला की स्क्रीन मंद होते, फ्लॅश बंद पडतो. त्याच कंपनीने २०२१ मध्ये मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं असंही सांगितलं होतं. सायकलला इंजिन नाही हे मान्य, पण कच्च्या रस्त्यावर मी तरी फोन काढून खिशात टाकतो.

लेन्स एकच न्या, ३५. दोन असल्या की धुळीत बदलायचा मोह होतो.

प्रतिसाद २

लेन्सबद्दल वरच्यांशी असहमत. क्रॉपवर ३५ मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ सारखी होते, दृश्य कमी मावतं, तंबू आणि वरचं आकाश एकत्र बसवायला मागे मागे सरकत झुडपात जाल. किट न्या, १६ ला ती २४ सारखी दिसते.

भावाचं म्हणाल तर त्याला थांबवूच नका. तुम्हीच पुढे जा, चढ बघून थांबा आणि तो येईपर्यंत तयार राहा. चढावर माणूस हळू येतो, चेहऱ्यावर कष्ट दिसतात, आणि तुम्हाला गुडघ्यावर बसून खालून फ्रेम लावायला वेळ मिळतो. सूर्य त्याच्या मागे असेल तर धूळसुद्धा उजळते. उताराच्या पायथ्याशी उभं राहून काही हाती लागत नाही, सर्रकन जातो. सपाट रस्त्यावर पॅनिंग करा, म्हणजे त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढा, शटर १/३० सेकंदाच्या आसपास, कंबरेतून वळत त्याच्या हेल्मेटवर नजर ठेवून चार-पाच फोटोंचा बर्स्ट. त्यातला एक बरा येतो, बाकीचे उडवायचे. आणि चालत्या सायकलवरून एका हाताने फोटो काढू नका हो.

स्वतःचे हवे असतील तर कॅमेरा रस्त्याकडेला दगडावर किंवा बॅगेवर, इंटर्व्हल टायमर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय) एक सेकंदावर, आणि समोरून जा. तोच चढ दोनदा चढायची तयारी ठेवा :)

आता तंबू. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं, तेव्हा आतला उजेड आणि बाहेरचा उजेड जवळपास जुळतो. दिवा सगळ्यात मंद करून टीशर्टखाली ठेवायचा. पूर्ण अंधारात तारे हवे असतील तर १६ वर ॲपर्चर एफ/३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर १५ सेकंद, फोकस मॅन्युअल करून एखाद्या ठळक ताऱ्यावर स्क्रीन झूम करून लावायचा. मुख्य गंमत अशी की त्या १५ सेकंदांत आतला दिवा फक्त एक-दोन सेकंद लावायचा आणि विझवायचा. हे काम भावाला द्या, फोटोत रस नसला तरी हे आवडेल. २० सेकंदांच्या पुढे गेलात तर तारे रेघा होतात. अमावस्येच्या जवळची रात्र निवडता आली तर उत्तमच. मोठ्या ट्रायपॉडची गरज नाही, वीतभर उंचीचा पुरतो, खालून घेतल्यावर तंबूही रुबाबदार दिसतो.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! स्लिंग बॅग घेते. लेन्सच्या बाबतीत किट नेते, दिव्याच्या कामाला भाऊ लगेच तयार झाला (हे खरंच अनपेक्षित होतं). बॅटरीचं राहिलं, १०००० एमएएचची पॉवर बँक लागेल का?

प्रतिसाद १

कॅमेऱ्यासाठी नाही, दोन बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून न्या, एका रात्रीला पुरतात. फोनसाठी न्या. १०००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, पण चार्ज करताना बरंच वाया जातं, त्यामुळे फोन दोनदा भरला तरी समाधान माना. पॅनियरच्या आत ठेवा, वर उन्हात नको.

आणि डास पळवायचं क्रीम लावलं की हात पुसल्याशिवाय कॅमेरा धरू नका, त्यात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं. पहाटे लेन्सवर दव दिसलं तर शर्टाने घासू नका, मायक्रोफायबरने हलकेच टिपा.