मदत हवी आहे : कापूस विकल्यापासून खोली घुमते
मी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी, टिनाच्या छपराखालील १० बाय १२ फुटांच्या खोलीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचे, जेम्स गथ्री यांनी ५.१ ध्वनीसाठी (भोवती पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) केलेले आणि २००३ मध्ये सुपर ऑडिओ सीडीवर आलेले ध्वनिमिश्रण ऐकतो. भाव वाढेल या आशेने तेथेच कापूस भरून ठेवला होता, तोवर त्यातल्या ‘टाइम’ गाण्यातले घड्याळांचे ठोके चहूबाजूंनी स्वच्छ ऐकू येत. तो विकल्यापासून सगळा आवाज घुमतो. (भावही वाढला नाही, ते वेगळेच.) मागचे स्पीकर माझ्यापासून जेमतेम दोन फुटांवर, भिंतीला टेकून आहेत. ते समोरच्या मधल्या स्पीकरपासून मोजून सुमारे ११० अंशांवर आणावेत, की रिसीव्हरमध्ये (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात) त्यांचे अंतर व आवाजाची पातळी बदलून भागेल? भिंतींवर वाकळा टांगणे पुरेल, की आधी टिनाखाली काही लावावे लागेल?