प्रतिसाद: मेलिऑइडोसिस विसरू नका
वर कुणीतरी विचारलंय, जैविक अस्त्रांच्या यादीतले जंतू आपल्याकडे कशाला येतील? बडोद्यात लॅबमध्ये काम करतो, म्हणून राहवत नाही. मेलिऑइडोसिस या आजाराचा जंतू अमेरिकेच्या यादीत अँथ्रॅक्स-प्लेगच्या पंगतीला बसवलाय खरा, पण राहतो साध्या ओल्या मातीत. आजाराचं चित्र असं: मधुमेही पेशंट, पावसाळा, हटता न हटणारा ताप, फुफ्फुसात डाग, प्लीहेत गळू. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू! कल्चरमध्ये (म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून पाहताना) हा ‘स्यूडोमोनास’ या दुसऱ्याच जंतूच्या नावाने खपून जातो. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅवला देतो, असं दिसलं की प्लेट बंद करून थेट सेफ्टी कॅबिनेटमध्ये (जंतू बाहेरच्या हवेत जाऊ न देणारं कपाट). प्लेट नाकाशी धरून वास घ्यायची जुनी खोड तर मोडाच (आमच्या पिढीला ती फार). संशय असेल तर डॉक्टरांनी तपासणीच्या फॉर्मवर आधीच लिहावं, निम्मं काम तिथेच होतं.

उपचार म्हणजे सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस, नंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या निदान ३ महिने. घोडं अडतं ते या गोळ्यांपाशी. ताप उतरला की पेशंट त्या सोडतो आणि आजार उलटतो.