फी माफ झाली, बोटीचं काय?

शिक्षणातल्या भेदभावाच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की २०२४ पासून महाराष्ट्रात मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, आता भेदभाव उरला कुठे? फीमाफी चांगलीच, उत्पन्नाची ८ लाखांची अट धरूनही. पण फी भरून आत गेल्यावरचं काय?

मी कोकणातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं. माशांचे नमुने आणायला ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या बोटीवर जायचं होतं. आदल्या दिवशी सर म्हणाले, "मुलींनी जेटीवर थांबा, मासळी उतरली की मोजमापं घ्या." कारण काय, तर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, बायका बोटीवर चालत नाहीत. तांडेलाला कोणी विचारलंच नव्हतं! त्याच जेटीवर पहाटे लिलावात बोली लावणाऱ्या, टोपल्या डोक्यावर घेणाऱ्या सगळ्या बायकाच. मुलगे जाळं, खोली, पाण्याचं तापमान शिकून आले. आम्ही बांगडा माशांची लांबी मोजली. पुढे त्यांचं झालं 'फील्डवर्क' आणि आमच्या त्या 'नोंदी'.

१९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) बीएस्सीला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, तरी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. घेतलं तेही वर्षभर 'बघू' म्हणून. याच बाईंनी पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, नीरेवर, म्हणजे ताडा-माडाच्या ताज्या रसावर, संशोधन केलं. आमच्या सरांचं 'थांबा' त्याच 'बघू'चं भावंड.

हॉस्टेलचं तर सांगायलाच नको. लायब्ररी रात्री नऊपर्यंत, मुलींचं गेट सातला बंद. सध्या शिकणाऱ्या कोणी इथे असतील तर सांगा, अजून तसंच आहे का?