पावसाळ्यात ४२ जणांचं निवासी शिबिर: जागा ठरवताना नेमकं काय विचारायचं?

नोंदवही:
वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचं निवासी शिबिर जुलैअखेरीस, शुक्रवार ते रविवार, दोन रात्री. ४२ जण: १८ पुण्याचे, १६ मुंबई-ठाण्याचे, ८ नाशिकचे. ११ जण साठीपुढचे, त्यातल्या दोघांना जिना जमत नाही. सत्रं गोलात बसून, रोज सहा तास. जेवण शाकाहारी. माणशी दिवसाला १,८०० रुपये, प्रवास वेगळा. लोणावळा, कर्जत, पाचगणी ही नावं निघाली आहेत. फोन केला की जो तो "शंभर जणांची सोय आहे" म्हणतो आणि स्विमिंग पूलचे फोटो पाठवतो. काय विचारलं म्हणजे खरं कळेल?

चौकट:
आधी हॉलची लांबी-रुंदी फुटांत मागा. "शंभर जण" म्हणजे रांगेत खुर्च्या लावून शंभर. गोलाचं गणित वेगळं: खुर्चीमागे अडीच फूट धरा, ४२ खुर्च्यांचा परीघ १०५ फूट, म्हणजे व्यास जवळपास ३४ फूट. पाठीमागून ये-जा करायला दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. एकूण ४० बाय ४० चा हॉल लागतो, आणि मध्ये खांब नकोत. एवढा मोठा मिळाला नाही तर दोन कडी करा: आत १६, बाहेर २६. मग ३० फूट रुंदीत भागतं.

दुसरा प्रश्न छपराचा, आणि जुलैत हा सगळ्यात महत्त्वाचा. पत्र्याखाली जोराचा पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, माइक लावला तरी गोंगाटच वाढतो. अनेक ठिकाणी "हॉल" म्हणजे तीन बाजूंनी उघडी पत्र्याची शेडच असते. स्लॅब आहे का, हे स्पष्ट विचारा. स्लॅब असला तरी फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. पाहायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून टाळी वाजवा. नाद रेंगाळला तर सतरंज्या आणि जाड पडदे मिळतील का ते विचारा.

आणि हॉल जेवणघराला खेटून नको. बाराच्या सत्रात कुकरच्या शिट्ट्या मोजत बसाल.

कल्याण_जंक्शन:
तुमच्या तीन गावांसाठी कर्जतच. मुंबई-ठाण्याचे थेट कर्जत लोकलने, नाशिकचे कल्याणला उतरून तीच लोकल पकडतील, पुण्याचे सिंहगड एक्सप्रेसने. फक्त घाटात दरड आली की पुण्याची गाडी अडकते, म्हणून त्या १८ जणांसाठी बसचा पर्याय आधीच बोलून ठेवा. स्टेशनपासून जागेपर्यंतचा शेवटचा रस्ताही विचारा. मोठी बस दारापर्यंत जाते का? वाटेत फरशी पूल आहे का? ओढ्याला पाणी आलं की असा पूल बुडतो आणि पलीकडची जागा तुटते.

लोणावळा जुलैच्या शनिवार-रविवारी नको. भुशी धरणाच्या गर्दीत परतीचे दोन-तीन तास सहज जातात. पाचगणी पुणेकरांना सोयीची, नाशिककरांचा मात्र एकेक दिवस प्रवासात जाईल.

रिसॉर्टच घ्यायला हवं असंही नाही. पनवेलजवळ तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे, माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. शिबिरं तिथे नेहमीची आहेत. अशा ठिकाणी खोल्या साध्या असतात, पण रात्री दहाला शेजारी डीजे वाजत नाही. रिसॉर्ट घेतलंत तर त्या दोन रात्री दुसरा ग्रुप असेल का, हे लेखी विचारा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे, पण तुमचं सत्र नऊला असेल तर त्या नियमाचा काय उपयोग?

मुदपाकखाना:
खोल्या मोजू नका, न्हाणीघरं मोजा. माणशी दहा मिनिटं धरली तर सहा जणांमागे एक न्हाणीघर म्हणजे तासात आटोपतं. तुम्हाला किमान सात हवीत. सोलरचं पाणी जुलैत धरूच नका. पंधरा लिटरच्या गीझरला पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाचवा-सहावा माणूस थंड पाण्यानेच आंघोळ करतो. जिथे बंब किंवा मोठा बॉयलर आहे तिथे हा प्रश्न येत नाही.

पाणी माणशी १२० लिटर धरा, म्हणजे रोजचं पाच हजार. टाकी केवढी, आणि वीज गेल्यावर पंप जनरेटरवर चालतो का? "जनरेटर आहे" एवढ्यावर थांबू नका. लहान जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, बोअरचा पंप आणि गीझर नाहीत.

साठीपुढच्यांसाठी तळमजला, कमोड आणि खाट. "खोलीत चौघं" म्हणजे बऱ्याचदा दोन खाटा आणि दोन गाद्या जमिनीवर. पावसाळ्यात त्या ओलसर असतात. खाटांचा आकडा वेगळा घ्या.

स्वयंपाक तिथेच होतो की डबे बाहेरून येतात? बाहेरून येत असतील तर रस्ता तुंबला की जेवण दोनच्या पुढे जातं आणि दुपारचं सत्र कोलमडतं. चहा किती वेळा आणि दरात धरलेला आहे का, हेही विचारा. चार वेळचा चहा ४२ जणांना वेगळा लावला तर हिशोब बिघडतो. तारखांत एकादशी येते का ते पंचांगात बघा आणि उपासाचा आकडा आधी द्या.

नोंदवही:
कर्जत नक्की करतोय. रविवारी चारपर्यंत सत्र आहे, आणि मालक म्हणतात सकाळी दहाला खोल्या सोडा. शिवाय आगाऊ रक्कम निम्मी मागताहेत.

चौकट:
खोल्या दहाला सोडा, पण हॉल पाचपर्यंत, सामानाला एक खोली आणि रविवारचं जेवण दरात लिहून घ्या. हे तोंडी ठरलं की त्याच दुपारी हॉल दुसऱ्याला दिलेला निघतो.

पैशांचं असं करा: ४२ ची नव्हे, ३६ ची हमी द्या. आयत्या वेळी चार-पाच जण गळतातच. दोन दिवसांचे माणशी ३,६०० धरले तर ३६ चे १,२९,६०० होतात, त्यावर येतील तसे. आगाऊ एक चतुर्थांश, अंतिम आकडा पाच दिवस आधी, उरलेले निघताना. दर जीएसटीसह आहे का तेही विचारा. दरड किंवा रेड अलर्टमुळे रद्द झालं तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल, हे वाक्य पावतीवरच हवं. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे नेहमीचे मुहूर्त थांबतात, हॉल रिकामे असतात. तेव्हा घासाघीस करायला लाजू नका.

कल्याण_जंक्शन:
एक राहिलं. धबधब्यांवर जुलैत प्रशासनाची बंदी लागते, म्हणून शनिवारची सहल कार्यक्रमात धरू नका. उपजिल्हा रुग्णालय कर्जतलाच आहे. जागेपासून तिथे रात्री पोचायला किती वेळ लागतो ते विचारा. आवारात दिवे नसतील तर प्रत्येकाला बॅटरी आणायला सांगा, पावसात साप बाहेर पडतात. मोबाइलची रेंज कुठल्या कंपनीची येते तेही बघा, १०८ ला फोन लागायला हवा.